पाण्याखालीं कान सांभाळतांना

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांची सुटी एके काळीं माथेरान-महाबळेश्वरांत जात असे. अलीकडे ती मालवणाकडे वळली आहे. दिवाळी आली किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या, कीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील घरांतून बेत ठरतात, रात्रीच्या बसगाड्या भरतात, आणि दुसऱ्या दिवशीं हीच मंडळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसमंतांत, होडीच्या कांठावर बसून, पाठीवर हवेचें नळकांडें बांधून, आयुष्यांतील पहिली बुडी घेण्यास सिद्ध झालेली असते. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं ज्या खडकाळ बेटावर किल्ल्याची उभारणी सुरू केली, त्याच्या आसपासच्या पाण्यांत प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. १९८७ सालीं हा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पाहण्यासारखें पुष्कळ आहे, यांत शंका नाहीं.

या बुडीला ‘स्कूबा’ असें म्हणतात. फ्रान्समध्यें १९४३ सालीं जाक कूस्तो हा नौदलांतील अधिकारी आणि एमिल गान्यां हा यंत्रज्ञ या दोघांनीं जें श्वसनयंत्र तयार केलें, त्याचाच हा वंशविस्तार होय. या यंत्राची खुबी अशी, कीं भोंवतालच्या पाण्याचा दाब जितका असेल तितक्याच दाबाची हवा तें तोंडांत सोडतें. त्यामुळें छाती दबत नाहीं व श्वास सहज चालतो. पोहतां न येणाऱ्या मनुष्यालाहि शिक्षक हाताला धरून खालीं नेतो, त्याचा तोल सांभाळतो, नळकांड्यांतील हवेवर लक्ष ठेवतो. परंतु एका अवयवाची काळजी ना यंत्राला घेतां येत, ना शिक्षकाला. तो अवयव म्हणजे कान. तेथें काय घडत आहे हें ज्याचें त्यालाच कळतें, आणि उपायहि ज्याचा त्यालाच करावा लागतो. म्हणूनच होडींत बसण्यापूर्वीं, किंबहुना मुंबई सोडण्यापूर्वीं, हा विषय समजून घ्यावयास हवा.

पाण्यांत खोल गेल्यावर कान दुखतो तो कानांत पाणी गेल्यामुळें, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. बाह्यकर्णांत पाणी जातेंच आणि त्यापासून कांहीं बिघडत नाहीं. दुखतें तें पडद्याच्या आंतल्या बाजूस हवा कमी पडते म्हणून.

आपण समुद्रसपाटीवर राहतों तेव्हां आपल्या अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम इतका हवेचा भार असतो. तो आपणांस जाणवत नाहीं, कारण आंतून आणि बाहेरून तो सारखाच असतो. समुद्राच्या पाण्यांत दहा मीटर खालीं गेलें, कीं आणखी एका वातावरणाचा भार वाढतो. म्हणजे एका मीटरला दर चौरस सेंटिमीटरमागें शंभर ग्रॅम. कानाचा पडदा लहान आहे. त्याचें क्षेत्रफळ अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून किंचित् अधिक आणि जाडी एका मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी. त्यावर एका मीटरच्या खोलीवर साठ-एक ग्रॅम आणि चार मीटरवर जवळजवळ एक पावशेर इतका जादा भार पडेल. टिकलीएवढ्या पातळ त्वचेवर पावशेराचें वजन ठेवलें तर ती आंत ओढली जाणार, ताणली जाणार आणि अखेर फाटणार. आंतल्या बाजूनें तितक्याच दाबाची हवा आणून उभी केली तर मात्र पडद्याला त्या भाराची दादहि लागत नाहीं. ‘कान सम करणें’ म्हणतात तें एवढेंच.

या गोष्टीचा अनुभव आपणां सर्वांस थोडाबहुत असतो. लोणावळ्यास जातांना बोरघाटांत कानाला दडे बसतात; आवंढा गिळला कीं ते सुटतात. लोणावळें समुद्रसपाटीपासून सव्वासहाशें मीटरच्या आसपास आहे, आणि इतकें चढल्यानें हवेचा दाब सुमारें सात टक्के कमी होतो. पाण्याच्या भाषेंत हा फरक किती? अवघा पाऊण मीटर! सबंध घाटानें कानावर जो परिणाम होतो, तो कमरेइतक्या पाण्यांत डोकें खालीं केल्यानें होतो. विमानाचें उदाहरण याहून बोलकें आहे. घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून विमानें धावपट्टीकडे उतरतांना आपण पाहतों, तेव्हां त्यांतील तान्हीं मुलें बहुधा रडत असतात आणि मोठीं माणसें जांभया देत असतात. विमान कितीहि उंच उडालें तरी त्याच्या आंतील हवा साधारणतः चोवीसशें मीटर उंचीवरील हवेहून विरळ होऊं देत नाहींत. तेथून जमिनीवर येईपर्यंत दाब एक-चतुर्थांश वातावरणानें वाढतो. म्हणजे अडीच मीटर पाण्याइतका. विमान ही मजल वीस-पंचवीस मिनिटांत काटतें. नवखा पाणबुड्या घाबरून किंवा उत्साहाच्या भरांत सरळ खालीं गेला तर तीच मजल दहा सेकंदांत काटतो. घाटांत आपोआप सुटणारे दडे येथें आपोआप कां सुटत नाहींत, याचें अर्धें उत्तर या वेगांत आहे.

उरलेलें अर्धें उत्तर कानाच्या रचनेंत आहे. पडद्याच्या मागें मध्यकर्ण नांवाची वाटाण्याएवढी पोकळी आहे. तींतून सुमारें साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक अरुंद नळी निघून नाकाच्या मागें, घशाच्या वरच्या भागांत उघडते. सोळाव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यानें तिचें वर्णन केलें, म्हणून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. मध्यकर्णांत हवा येण्याजाण्याचा हाच काय तो मार्ग. या नलिकेचा कानाकडील तिसरा हिस्सा हाडाचा आहे व तो नेहमीं उघडा असतो. घशाकडील दोन हिस्से मात्र कूर्चेचे व मऊ त्वचेचे असून त्यांच्या भिंती एरवीं एकमेकींस चिकटलेल्या असतात. आपण गिळतों किंवा जांभई देतों तेव्हां टाळूचे स्नायू त्या भिंती क्षणभर दूर करतात. कानांत जो ‘टक्’ असा बारीक आवाज येतो तो याच उघडझापेचा. दिवसांतून शेंकडों वेळां हें घडतें आणि आपल्या लक्षांतहि येत नाहीं.

आतां या मऊ भिंतींचा एक स्वभाव ध्यानांत घ्यावा. कानांतील हवेचा दाब अधिक झाला तर ती हवा भिंती सारून आपण होऊन घशांत निसटते. म्हणून घाट चढतांना किंवा पाण्यांतून वर येतांना सहसा कांहीं करावें लागत नाहीं. उलट घशाकडील दाब अधिक झाला तर तो भिंतींना बाजूस सारण्याऐवजीं एकमेकींवर अधिकच दाबतो. पावसाळ्यांत फुगलेलें दार जसें बाहेरून ढकलावें तसें चौकटींत घट्ट बसतें, तशांतला हा प्रकार. खालीं जातांना हवा आपण होऊन आंत शिरत नाहीं. दार आपल्यालाच उघडावें लागतें. आणि तें वेळेवर उघडलें नाहीं, तर सुमारें एक-सव्वा मीटर खोलीइतका दाबाचा फरक झाल्यावर भिंती इतक्या घट्ट मिटतात, कीं पुष्कळांच्या बाबतींत मग कितीहि प्रयत्न केला तरी नलिका उघडतच नाहीं. ओढ बसून तिची त्वचा सुजते, कधीं मध्यकर्णांत रक्तमिश्रित पाणी जमतें, आणि खालीं जाणें चालूच राहिलें तर पडदा फाटतो. फाटण्याची खोली सर्वांची सारखी नाहीं; कोणाचा दीड-दोन मीटरवर फाटेल, तर कोणाचा पांच मीटरपर्यंत टिकेल.

होडीच्या गडबडींत पाहुण्याला जी सूचना पुष्कळ वेळां मिळते ती अशी असते: “कान दुखला, कीं नाक दाबून फुंका.” सांगणाऱ्याचा हेतु चांगला असतो, परंतु या वाक्यांतील ‘दुखला कीं’ हे दोन शब्द घातक आहेत. कान दुखूं लागला याचा अर्थ वेळ टळून गेली आहे. नलिका मिटत आली असतां तीवर जोर करणें म्हणजे कुलूप लागल्यावर दाराला धक्के मारणें. खरी सूचना अशी हवी, कीं दुखण्यापूर्वींच, दडा जाणवण्यापूर्वींच, पहिल्या हातभर पाण्यापासून कान सम करीत चला. हा एकच मुद्दा ज्याला पटला, त्याचें निम्में काम झालें असें मीं समजेन.

आणखी एक गैरसमज. जितकें खोल तितकें कानाला अवघड, असें वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं मांडलेला नियम शाळेंत आपण सर्वांनीं पाठ केला आहे: दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्मे होतें. पृष्ठभागापासून दहा मीटर खालीं गेल्यास दाब एकाचा दोन होतो आणि कानांतील हवा निम्म्यावर येते. ती पुन्हां निम्मी होण्यास, म्हणजे दाब चौपट होण्यास, तीस मीटरपर्यंत जावें लागेल. म्हणून पहिल्या चार-पांच मीटरांतच कानाची खरी परीक्षा असते, आणि मालवणास नवख्यांना ज्या उथळ पाण्यांत नेतात तेंच कानाच्या दृष्टीनें सर्वांत अवघड पाणी होय. “फार खोल नेत नाहींत, मग कसली भीति?” हा युक्तिवाद पोहण्याच्या बाबतींत खरा असेल, कानाच्या बाबतींत नाहीं.

दार उघडण्याच्या युक्त्या कोणत्या, तें आतां पाहूं.

सर्वांत प्रसिद्ध युक्ति आंतोनिओ वाल्साल्वा या इटालियन वैद्याच्या नांवानें ओळखली जाते. त्याचा कानावरील ग्रंथ १७०४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा उद्देश पाणबुड्यांची सोय हा नव्हताच. कान वाहणाऱ्या रोग्याच्या मध्यकर्णांतील पू बाहेर घालवावा म्हणून त्यानें ही कृति सांगितली. नाक चिमटींत धरावें, तोंड मिटावें आणि नाक शिंकरल्यासारखी हवा हलकेच दाबावी. ती नलिकेंतून कानांत शिरते. कृति शिकावयास सोपी, म्हणून सर्वत्र हीच शिकवितात. हिच्यांत दोष असा, कीं जोर छातीचा लागतो आणि छातीचा जोर पुष्कळ असतो. नलिका न उघडल्यामुळें घाबरलेला मनुष्य डोळे लाल होईतों फुंकत राहतो. अशा फुंकण्यानें डोक्यांतील द्रवाचा दाब वाढतो, तो आंतरकर्णापर्यंत पोंचतो, आणि तेथें गोल खिडकी म्हणून जो नाजूक पडदा आहे तो फाटण्याचा संभव असतो. बाहेरचा पडदा फाटला तर तो बहुधा कांहीं आठवड्यांत भरून येतो. आंतरकर्णाला इजा झाली तर ऐकूं येणें कायमचें कमी होऊं शकतें. म्हणून वाल्साल्वाची कृति करावयाची तर हलक्या हातानें, चार-पांच सेकंदांहून अधिक नाहीं, आणि दडा बसलेला असतांना मुळींच जोरानें नाहीं.

दुसरी युक्ति जोसेफ टॉयन्बी या इंग्रज कर्णवैद्याची. नाक चिमटींत धरावें आणि आवंढा गिळावा. गिळतांना स्नायू नलिका उघडतात आणि जीभ हवेला हालचाल देते. येथें जोराचा प्रश्नच नाहीं, त्यामुळें कांहींना ती फार मानवते. परंतु एका वेळीं हवा थोडीच शिरते आणि कोरड्या तोंडानें पुन्हां पुन्हां गिळणें कठीण जातें. (हा टॉयन्बी मोठा विलक्षण मनुष्य होता. कानांत होणाऱ्या गुणगुणीवर क्लोरोफॉर्मच्या वाफेचा उपयोग होतो कीं काय, हें स्वतःवर पाहत असतां १८६६ सालीं तो मरण पावला.)

तिसरी युक्ति मला सर्वांत पसंत आहे. हेर्मान फ्रेंझेल या जर्मन वैद्यानें ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वैमानिकांसाठीं बसविली. विमानानें खालीं सूर मारतांना त्यांच्या कानांवर एकाएकीं दाब येई. हिच्यांत छातीचा संबंध नाहीं. नाक चिमटींत धरावें; जड हंडा उचलतांना आपण नकळत घसा बंद करतों तसा क्षणभर बंद करावा; आणि जिभेचा मागचा भाग वर उचलून ‘क्’ म्हणण्याचा प्रयत्न करावा. आवाज उमटणार नाहीं, पण जीभ दट्ट्यासारखी वर सरकून घशाच्या माथ्यावरील चिमूटभर हवा नलिकेंत लोटते. क, ख, ग, घ हीं व्यंजनें कंठांतून निघतात हें बाराखडीबरोबर शिकलेल्या मराठी माणसाला जिभेचा मागचा भाग कोणता हें समजावून सांगावें लागत नाहीं. या बाबतींत आपलें व्याकरण आपल्या उपयोगीं पडतें. जिभेचा जोर बेताचा असल्यानें आंतरकर्णाला इजा होण्याची भीति फार कमी, आणि सराव झाल्यावर ही कृति सेकंदांत दोन वेळांहि करतां येते. घसा बंद करावयाचा तो केवळ ‘क्’ म्हणण्यापुरता, हें मात्र विसरूं नये. यंत्रानें श्वास घेत असतां श्वास कोंडून धरावयाचा नाहीं, हा या विद्येंतील पहिला नियम आहे. विशेषतः वर येतांना, कारण तेव्हां फुप्फुसांतील हवा प्रसरण पावत असते.

यांपैकीं कोणती युक्ति आपणांस साधते तें समुद्रांत शोधूं नये, घरींच शोधावें. आरशासमोर उभें राहावें, नाक चिमटींत धरावें आणि ‘क्’चा प्रयत्न करावा. नाकपुड्या बोटांखालीं किंचित् फुगल्या, गळ्याची घांटी वर गेली आणि छाती-पोट हाललें नाहीं, तर कृति जमली. कानांत ‘टक्’ असें होईल, किंवा पडदा बाहेर आल्यासारखा क्षणभर भरल्याचा भास होईल. दोन्ही कान बरोबरच उघडतील असें नाहीं. बहुतेकांचा एक कान आळशी असतो, आणि तो कोणता हें आधीं ठाऊक असणें फार उपयोगाचें. सकाळीं दांत घांसून झाल्यावर आणि रात्रीं निजण्यापूर्वीं चार-सहा वेळां, असा पंधरवडाभर सराव केला तर मालवणच्या पाण्यांत तो हाताशीं येतो. जबरदस्तीनें, कान दुखेपर्यंत करूं नये.

यापुढील पायरी तलावाची. अंधेरीचें शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचें प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल, अशा ठिकाणीं पोहावयास जाणारीं माणसें आपल्या ओळखींत असतीलच. बॉइलचा नियम वर सांगितला तो येथें उपयोगी पडतो: कोणत्याहि तलावाच्या दोन मीटर पाण्यांत कानाचा बराचसा धडा होऊन जातो. पोहतां येणाऱ्यानें शिडीला धरून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, पाय खालीं ठेवून हातभर उतरावें, कान सम करावा, पुन्हां हातभर उतरावें. दडा बसला तर वर यावें. मात्र पोहण्याचा साधा चष्मा लावून हें करूं नये. नाक त्याच्या बाहेर राहतें, त्यामुळें डोळ्यांभोंवतीं दबलेल्या हवेची भरपाई करतां येत नाहीं आणि डोळे तांबडे होतात. पाणबुड्याचा मुखवटा नाकावरून बसतो तो याचसाठीं. नाकानें थोडी हवा त्यांत सोडली कीं तो सैल होतो, आणि त्याच्या मऊ रबरावरून नाक चिमटींतहि धरतां येतें. मुखवटा घेतांना दोन्ही बोटें नाकपुड्यांवर नीट बसतात कीं नाहीं तें होडींतच पाहून घ्यावें. कानांत कापूस किंवा बोळे घालणें हा तर आगंतुक शहाणपणा होय. बोळ्याच्या आणि पडद्याच्या मध्यें हवा कोंडून एका संकटाचीं दोन होतात.

आतां जो प्रसंग सर्वांत अवघड, तिकडे वळतों. आणि तो शरीरशास्त्राचा नाहीं, मनुष्यस्वभावाचा आहे. समजा, बोरिवलीच्या एका कुटुंबानें चार महिने आधीं बेत केला, राहण्याचे आणि बुडीचे पैसे भरले, आणि निघण्याच्या दिवशीं बारा वर्षांच्या मुलीला सर्दी झाली. नाक चोंदलेलें, पण ताप नाहीं. मुलगी रडकुंडीस येऊन म्हणते, “बाबा, मला कांहीं होत नाहीं.” बाबांनाहि तसेंच म्हणावेंसें वाटतें. अशा वेळीं काय करावें? माझें उत्तर स्पष्ट आहे: तिला त्या दिवशीं पाण्याखालीं नेऊं नये. सर्दींत घशाकडील नलिकेचें तोंड सुजलेलें असतें. युक्ति कितीहि चांगली येत असली तरी सुजलेलें दार उघडत नाहीं. मुलांची नलिका मोठ्यांपेक्षां आंखूड आणि आडवी असते, त्यांच्या घशांतील गांठी मोठ्या असतात, म्हणून त्यांच्या बाबतींत तर अधिकच जपावें. नाक मोकळें करणाऱ्या थेंबांचा आधार घेऊन बुडी मारण्याचा सल्ला कोणी देतील. त्यांतला धोका पुढें सांगतों. किनाऱ्यावरून, नळी तोंडांत धरून, पृष्ठभागावर तरंगत मासे पाहण्याचा दुसरा मार्ग आहेच. त्यांत कानावर दाब येत नाहीं, आणि स्वच्छ पाण्याच्या दिवशीं दिसतेंहि पुष्कळ. त्या मुलीचा एक दिवस जाईल. तो परत मिळण्यासारखा आहे.

ज्यांचे कान पूर्वीं वाहत असत, ज्यांच्या पडद्याला भोंक आहे किंवा होतें, ज्यांच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना वारंवार चक्कर येते, अशांनीं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस पडदा दाखविल्यावांचून हा बेतच करूं नये. पडद्याला भोंक असेल तर थंड पाणी थेट मध्यकर्णांत शिरतें, आंतरकर्णांतील तोल सांभाळणारें इंद्रिय गडबडतें, आणि पाण्याखालीं वर कोणतें, खालीं कोणतें हें कळेनासें होतें. खोल पाण्यांत पडदा फाटतो तेव्हां घडतें तें हेंच, आणि तें दुखण्यापेक्षां अधिक भयंकर असतें. ‘समुद्रांत बुडी मारणाऱ्यांचे कान कां फुटतात?’ असा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नांवावर मोडणाऱ्या ‘प्रॉब्लेमाटा’ या जुन्या ग्रंथांत विचारलेला आहे, यावरून ही व्यथा किती जुनी आहे तें दिसेल.

प्रकृति ठीक आहे, सराव झाला आहे, आणि आपण होडीच्या कांठावर आहों, असें धरूं. पाण्यांत उतरण्यापूर्वींच एकदां कान सम करावा. दार आधींच किलकिलें असलेलें बरें. नांगराचा दोर असेल तर त्याला धरून, पाय खालीं आणि डोकें वर ठेवून उतरावें. डोकें खालीं केल्यास रक्त चढून नलिकेच्या भिंती फुगतात. प्रत्येक अर्ध्या मीटरला, म्हणजे हातावर हात ठेवून दोर सोडतांना जवळजवळ प्रत्येक हाताला, एकदां ‘क्’. कान आळशी असेल तर त्या बाजूचा कान वर येईल अशी मान कलंडावी. त्या बाजूची नलिका ताणली जाऊन सरळ होते. एवढ्यानें न उघडल्यास तेथेंच थांबावें, अर्धा-एक मीटर वर यावें, पुन्हां प्रयत्न करावा. वर येण्यानें दाब कमी होतो आणि मिटलेल्या भिंती सुटतात. चांगले पाणबुडेहि हें करतात, त्यांत कमीपणा नाहीं. दोन-तीनदां करूनहि जमलें नाहीं तर त्या दिवसापुरती बुडी संपली असें समजावें.

पाण्याखालीं बोलतां येत नाहीं, म्हणून खुणा. पंजा आडवा धरून होडी डुलते तसा हालवावयाचा आणि मग कानाकडे बोट दाखवावयाचें. याचा अर्थ ‘कान ठीक नाहीं’. ठीक असेल तर अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ. आपल्याकडे छान चाललें आहे हें सांगण्यास अंगठा वर करण्याची जी संवय आहे ती मात्र किनाऱ्यावर ठेवून जावी. या विद्येंत वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. शिक्षक इमानानें वर घेऊन येतो, आणि पाहुणा चकित होतो! ही खूण करण्याचा संकोच हेंच पुष्कळ कानांच्या दुखण्याचें मूळ आहे. बरोबरचे खालीं पोंचले, छायाचित्र घेणारा खोळंबला, आपल्यामुळें सर्वांना थांबावें लागणार, या विचारानें सुशिक्षित मनुष्य दांत ओठ खाऊन वेदना सोसतो. शिक्षकाला मुखवट्याआडचा चेहरा वाचतां येत नाहीं. एकाच शिक्षकाच्या हवालीं अनेक नवखे दिले जात असतील, किंवा कानाबद्दल होडींत कोणी अक्षरहि काढलें नसेल, तर तेथें बुडी न घेतलेली बरी. एका शिक्षकाकडे एक पाहुणा, आणि उथळ पाण्यांत आधीं थोडा सराव, एवढें मागण्याचा पैसे देणाऱ्यास अधिकार आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें तारकर्ली येथें या विद्येच्या शिक्षणाची संस्था उभारली आहे. ज्यांना एका बुडीवर न थांबतां रीतसर शिकावयाचें आहे त्यांना त्यासाठीं परदेशीं जाण्याची गरज उरलेली नाहीं.

वर येतांना हवा आपण होऊन सुटते, हें मागें सांगितलें. याला अपवाद एक. सर्दीवर औषध घेऊन खालीं गेलेल्या माणसाच्या औषधाचा अंमल पाण्याखालीं असतांनाच उतरला, तर नलिका पुन्हां सुजते आणि आंत शिरलेली हवा अडकून पडते. खालीं जाणें आपल्या मर्जीवर असतें. वर येणें मर्जीवर नसतें, कारण नळकांड्यांतील हवा संपणारी असते. थेंबांच्या आधारानें बुडी मारूं नये तें यासाठीं. अशी अडचण आलीच तर थोडें खालीं जावें, गिळावें, जबडा हालवावा, आणि शिक्षकाला खूण करून अतिशय सावकाश वर यावें.

बाहेर आल्यावर कानांत थोडें पाणी राहिल्यासारखें वाटणें निराळें आणि दडा कायम राहणें निराळें. मान कलंडल्यावर पाणी निघून जातें. कान भरलेला राहिला, ऐकूं कमी येऊं लागलें, मुखवट्यांत नाकाचें रक्त दिसलें, तर त्या सहलींत पुन्हां बुडी घेऊं नये आणि डॉक्टरांस दाखवावें. गरगरणें, ओकारी किंवा कानांत मोठी गुणगुण सुरू झाल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये; आंतरकर्णाच्या दुखापतींत वेळेला महत्त्व असतें. आणि घरांतील वडीलधाऱ्यांची क्षमा मागून एक सांगतों: लसूण घालून कोमट केलेलें तेल कानांत सोडूं नये. पडदा फाटलेला असल्यास तें तेल मध्यकर्णांत उतरतें आणि नुसत्या जखमेचा पिकलेला कान होतो.

परतीच्या प्रवासाबद्दल दोन शब्द. कोकण रेल्वेनें किंवा किनाऱ्याकडील महामार्गानें येणाऱ्यांना उंचीचा प्रश्न येत नाहीं. परंतु सिंधुदुर्गाचा चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्यें सुरू झाल्यापासून सकाळीं बुडी आणि दुपारीं विमान असा बेत कोणाच्याहि मनांत येऊं शकतो. एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानांत बसूं नये, असा पाणबुड्यांच्या वैद्यकाचा संकेत आहे. तो रक्तांत विरघळलेल्या नायट्रोजनासाठीं आहे. आंबोली घाट सुमारें ६९० मीटर उंच आहे, तेव्हां त्या वाटेनें कोल्हापूर-पुण्याकडे जाणाऱ्यांनींहि रात्र मालवणांत काढून सकाळीं निघावें. ज्याचा कान बुडींत दुखावला आहे त्यानें तर विमानाचें तिकीट रद्द करून आगगाडीचें काढावें. घाटकोपरच्या छपरांवरून उतरतांना त्याला तेच अडीच मीटर पाणी पुन्हां एकदां, तेंहि सुजलेल्या नलिकेनिशीं, उतरावें लागेल.